पडद्याबाहेरची तीन मिनिटं: अठराव्या शतकातला विनोदी इंग्रजी प्रोलॉग कसा वाचावा, कसा बोलावा, कसा लिहावा

कॉलेजात गोल्डस्मिथचं ‘शी स्टूप्स टू कॉंकर’ किंवा शेरिडनचं ‘द स्कूल फॉर स्कँडल’ लागलं की वाचन सहसा थेट पहिल्या अंकापासून सुरू होतं. त्याआधी पानभर यमकांत छापलेला प्रोलॉग, म्हणजे नाटक सुरू होण्याआधी नटानं प्रेक्षकांना उद्देशून म्हणायचं पद्य, कुणी वाचत नाही. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही, हे एक कारण. शिवाय कागदावर तो खरोखरच रुक्ष दिसतो: अनोळखी नावं, शिळे टोमणे आणि शेवटी प्रेक्षकांची मनधरणी.

माझं म्हणणं एवढंच आहे, की प्रोलॉग आधी वाचला तर पुढचं नाटक वेगळं दिसतं. मात्र तो कविता म्हणून वाचायला गेलात तर हाती काही लागत नाही. एका ठरावीक नटानं, एका ठरावीक रात्री, समोर बसलेल्या आणि पैसे मोजून आलेल्या माणसांशी केलेली ती घासाघीस आहे. खाली जो क्रम देतो आहे तो इंग्रजी नाटकं वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल आणि आपल्या एकांकिकेला असा तुकडा जोडू पाहणाऱ्या नाटकवाल्यांनाही.

१. चारच प्रोलॉग घ्या

या शतकात प्रोलॉगांचं अमाप पीक आलं. नवं नाटक आलं की नवा प्रोलॉग, जुनं पुन्हा उभं केलं की नवा प्रोलॉग, थिएटर उघडलं की आणखी एक. ‘जंटलमन्स मॅगझिन’सारखी मासिकं ते नेमानं छापत. सगळे वाचायच्या फंदात पडू नका, पुष्कळसे भरतीचे आहेत. सुरुवातीला हे चार पुरेत (लेखक म्हणजे इथे प्रोलॉगचा लेखक; कॉव्हेंट गार्डन आणि ड्रुरी लेन ही लंडनची थिएटरं):

‘शी स्टूप्स टू कॉंकर’ (कॉव्हेंट गार्डन, 15 मार्च 1773), लेखक डेव्हिड गॅरिक (नामवंत नट आणि ड्रुरी लेनचा चालक), बोलणारा हेन्री वुडवर्ड.
‘द रायव्हल्स’ (कॉव्हेंट गार्डन, जानेवारी 1775), लेखक स्वतः शेरिडन, बोलणारे वुडवर्ड आणि जॉन क्विक.
‘द स्कूल फॉर स्कँडल’ (ड्रुरी लेन, 8 मे 1777), लेखक पुन्हा गॅरिक, बोलणारा टॉमस किंग.
‘ऑल इन द राँग’ (ड्रुरी लेन, 15 जून 1761), लेखक आणि बोलणारा सॅम्युएल फूट.

पहिली तीन नाटकं प्रोजेक्ट गुटेनबर्गवर प्रोलॉगसकट फुकट मिळतात. चौथ्याशी आपलं जुनं नातं आहे. आर्थर मर्फीच्या या नाटकाचं मूळ मोलिएरच्या ‘स्गानारेल’मध्ये आहे, आणि याच वाटेनं गोविंद बल्लाळ देवलांचं ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ आणि मग 1916 चं ‘संगीत संशयकल्लोळ’ आलं. फाल्गुनराव आणि कृत्तिका आपल्या ओळखीचे आहेत. त्यांच्या लंडनच्या पूर्वजांआधी रंगमंचावर येऊन कोण काय बोललं होतं, ते मात्र आपण पाहिलेलं नसतं.

डॉ. जॉन्सनचा 1747 चा ड्रुरी लेनचा प्रोलॉग बहुतेक संग्रहांत पहिला असतो. भव्य आहे, पण विनोदी नाही. त्यातलं एकच द्विपद लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे: नाटकाचे कायदे नाटकाचे आश्रयदातेच घालून देतात, आणि लोकांना खूश करून जगणाऱ्यांना जगायचं असेल तर खूश करावंच लागतं.

२. मजकुराआधी माणूस शोधा

वहीत चार गोष्टी लिहा: कोणतं थिएटर, कोणती तारीख, लिहिलं कुणी, बोललं कोण. शेवटच्या दोन बहुधा वेगळ्या निघतात आणि निम्मा विनोद तिथेच असतो. शेरिडनसारखे अपवाद सोडले तर नाटककार स्वतःची वकिली स्वतः करत नसे. हात बसलेल्या दुसऱ्याकडून प्रोलॉग लिहून घेई, आणि असा हात गॅरिकइतका कुणाचाच बसलेला नव्हता.

नटाची चौकशी जास्त करा. वुडवर्डचंच बघा. ‘शी स्टूप्स’मधली टोनी लम्पकिनची भूमिका त्याला देऊ केली होती. त्यानं ती नाकारली, क्विकनं केली आणि तो गाजला. पहिल्या रात्री मात्र वुडवर्ड पडद्याबाहेर येऊन रडतो आहे, की विनोदी नाटक मरायला टेकलंय आणि आता माझ्या पोटापाण्याचं कसं होणार! नकाराची गोष्ट ज्याला ठाऊक असेल त्याला हे रडणं दुप्पट गोड लागलं असणार. टॉमस किंगचं उलटं: तो त्याच रात्री थोड्या वेळानं ‘स्कूल फॉर स्कँडल’मधला सर पीटर टीझल म्हणून येणार आहे, पण आत्ता तो फक्त ‘मिस्टर किंग’ आहे. नट आणि पात्र यांच्यामधली ही फट म्हणजे प्रोलॉगवाल्याची हक्काची जागा.

३. सभागृह डोळ्यांपुढे आणा

ही पायरी गाळली तर पुढच्या सगळ्या पायऱ्या फुकट.

अंधार विसरा. मेणबत्त्यांची झुंबरं नाटकभर पेटलेली असत, तेव्हा नटाला प्रेक्षक दिसत आणि प्रेक्षकांना एकमेकांचे चेहरे. शतकाच्या मध्याला ड्रुरी लेनला साधारण असा दर होता: बॉक्स पाच शिलिंग, पिट तीन, पहिली गॅलरी दोन, वरची गॅलरी एक. बॉक्समध्ये खानदानी मंडळी, पिटमध्ये (रंगमंचासमोरच्या खालच्या बाकांवर) वकील, लेखक आणि स्वतःला टीकाकार समजणारे, वर दुकानातली पोरं, नोकरचाकर, खलाशी. ‘पिट, बॉक्स, गॅलरी’ असं प्रोलॉगमध्ये एका दमात आलं की नटाची नजर खालून वर कशी फिरली असेल ते बघा. ती ओळ म्हणजे रंगसूचनाच आहे.

तिसऱ्या अंकानंतर अर्ध्या दरात आत सोडायची पद्धत होती. 1763 मध्ये ती मोडायचा प्रयत्न झाला तेव्हा लोकांनी थिएटरात दंगल केली. म्हणजे प्रोलॉग ऐकणारा प्रेक्षक हा पूर्ण पैसे मोजलेला प्रेक्षक. त्याचा रुबाब वेगळा, त्याची खुशामतही वेगळी.

आणि पैशाचा हिशेब. नाटककाराची कमाई मुख्यतः तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या रात्रीच्या गल्ल्यातून, खर्च वजा जाता. पहिल्याच रात्री शिट्ट्या आणि आरडाओरडा होऊन नाटक पडलं, की तिसरी रात्र उजाडतच नसे. त्यामुळे शेवटच्या ओळींतला ‘सांभाळून घ्या’चा सूर नुसता विनय समजू नका. लेखकाचं घरभाडं त्यात अडकलेलं आहे.

जाता जाता कायद्याचं: 1737 च्या लायसन्सिंग अ‍ॅक्टनं नव्या नाटकाची संहिता प्रयोगाआधी निदान चौदा दिवस लॉर्ड चेंबरलेन या दरबारी अधिकाऱ्याकडे पाठवायला लावली, आणि त्या कलमात प्रोलॉग आणि एपिलॉग (नाटक संपल्यावर म्हणायचं तसंच पद्य) वेगळे, नाव घेऊन धरले होते. पानभर यमकांची सरकारला एवढी धास्ती होती.

४. सोंग ओळखा

विनोदी प्रोलॉगमध्ये नट सहसा सरळ बोलत नाही, कसलं तरी सोंग घेऊन येतो. पहिल्या चार ओळींत सोंग सापडलं पाहिजे. नाही सापडलं तर पुन्हा वाचा.

फूट दुकानदार होऊन येतो. गॅरिकनं उन्हाळ्यापुरतं ड्रुरी लेन फूट आणि मर्फी यांना भाड्यानं दिलं होतं. फूट जाहीर करतो की आज इथे विनोदाची उन्हाळी वखार उघडते आहे, ‘फूट आणि कंपनी’. नाटक, मूकनाट्य, ऑपेरा, फार्स, सगळा माल थेट कारखानदाराकडून! मग हळूच सांगतो की आमच्या मालकानं त्याच्या विजा, खंजीर आणि विषाचे प्याले कुलपात घातलेत, शोकांतिकेची वाट आम्हाला बंद केली आहे. ‘नो ब्लड, नो ब्लँक व्हर्स’. हा मालक म्हणजे गॅरिक. त्याच्याच थिएटरात उभं राहून त्यालाच चिमटा.

‘द रायव्हल्स’मध्ये सोंगं दोन आहेत: बडा वकील आणि खटला घेऊन आलेला अ‍ॅटर्नी. वकील कागद हातात घेतो आणि म्हणतो, काय हे गिचमिड अक्षर, चष्म्याशिवाय दिसत नाही. अ‍ॅटर्नी प्रेक्षकांकडे वळून: याला फी हवी आहे. नाणं हातावर पडतं. अक्षर जरा सुधारतं. आणखी एक पडतं. आता स्वच्छ लागतं! मग वकिलाला कळतं की अशील कवी आहे आणि तो चक्रावतो: कवी, आणि फी देतो? चार-पाच ओळींत वकील, कवी आणि पैसा यांचा निकाल लागला. लिहिणारा शेरिडन तेव्हा तेवीस वर्षांचा होता.

‘स्कूल फॉर स्कँडल’चं सोंग सगळ्यात अवघड, कारण किंग एकटाच तीन आवाज काढतो. दुपारी उठलेली लेडी वर्मवुड चहाचे घुटके घेत वर्तमानपत्रातली लफडी चघळते आहे: काल रात्री लॉर्ड अमुक लेडी तमुकबरोबर सापडले, घुटका, वा, काय तरतरी येते! छापील मजकुरात हे घुटके कंसात दिलेले असतात, ते गाळू नका, ओळीचा ताल त्यांच्यावर आहे. मग दासी पुढचं वाचू लागते आणि बातमीत बाईंचंच नाव निघतं. गॅरिक इथे ‘विलिंग’ला ‘व्हिलन’चं यमक जुळवतो: अर्धी ओळ दासीची, अर्धी किंचाळणाऱ्या बाईंची. एका यमकावर दोन पात्रं उभी केली. आणि हुकूम सुटतो, टाक तो कागद आगीत, पुन्हा या घरात दिसता कामा नये!

५. मोठ्यानं वाचा, थांबे शोधा

नेहमीचा साचा म्हणजे दहा अक्षरावयवांच्या दोन ओळी, शेवटी यमक. पहिली ओळ फेकायची, दुसरी पकडायची. हशा दुसऱ्या ओळीच्या शेवटच्या शब्दावर बेतलेला असतो, म्हणून तो शब्द गिळला की संपलं. ओळीच्या मधला डॅश म्हणजे नटानं प्रेक्षकांकडे टाकलेली नजर. फूटचा प्रोलॉग मात्र या चालीत म्हणायला गेलात तर अडखळाल, त्याची चाल घोडदौडीची आहे: ‘टुनाइट, बी इट नोन टू बॉक्स, गॅलरीज अँड पिट’. जाहिरात ओरडायची तर अशीच ओरडणार ना.

६. एक प्रोलॉग उकलून बघा

वुडवर्ड काळा पोशाख घालून, डोळ्यांना रुमाल लावून येतो. काळा कोट हा प्रोलॉगवाल्याचा नेहमीचाच वेश, त्यामुळे पहिली गंमत इथेच: आज तो सुतकाचा ठरवला आहे. तोंडून शब्द फुटत नाही, आठवडाभर रडतोय, असं म्हणून तो हॅम्लेटची प्रसिद्ध ओळ वाकडी करतो. आईला ‘हा काळा झगाच नव्हे, आत जे आहे ते दाखवता येत नाही’ असं सांगणारा राजपुत्र, आणि ‘आत जे आहे त्यावर मलमपट्टी नाही’ असं सांगणारा हा. मराठीत त्याची सुरुवात मी अशी केली:

माफ करा हो, शब्द फुटेना, घसा बैसला रडून;
आठवडाभर हेच चालले, डोळे गेले सुजून.
दिसतो तुम्हांस काळा डगला, आतिल घाव दिसेना;
वैद्याघरच्या मलमांमधले एकहि लागु पडेना!
का रडतो मी? हास्यदेवता खाटेवर हो पडली;
ती गेली तर पोट जळाले, रोजीरोटी बुडली!

रोगी कोण ते कळलं: विनोदी नाटकाची देवता. तिच्या जागी येऊ पाहते आहे ती रडकी, सद्गुणी, ‘सेंटिमेंटल’ कॉमेडी. हा वाद तेव्हा अगदी ताजा होता. गोल्डस्मिथनं त्यावर लेख लिहिला होता, आणि महिनाभर आधी फूटनं लंडनच्या हेमार्केट थिएटरात बाहुल्यांच्या खेळात त्याच नाटकांची टर उडवली होती.

आता मधला भाग, माझ्या मते सगळ्यात देखणा. वुडवर्ड म्हणतो, मीही जरा नैतिक होऊन बघतो. हात छातीवर, चेहरा ठोकळ्यासारखा, आणि सुविचार सुरू: चकाकतं ते सगळं सोनं नसतं, घरादारापेक्षा विद्या बरी, सद्गुणाचा पाय घसरू देऊ नका, कारण पडला तर तो सद्गुण कसला! सुविचार एकाहून एक बिनडोक होत जातात. मग तो हात टेकतो: नाही जमत, तुम्हाला हसवायचं असेल तर मी शोकांतिकाच करायला हवी. छापील पानावर हे आठ-दहा ओळींचं आहे, रंगमंचावर सगळी मजा याच जागी आहे.

शेवटी सौदा. आज रात्री एक डॉक्टर आलाय, पाच घोटांचं औषध घेऊन. पाच घोट म्हणजे पाच अंक. डॉक्टर म्हणजे गोल्डस्मिथ, त्याला सगळे ‘डॉक्टर’च म्हणत आणि त्याच्या वैद्यकीच्या पदवीबद्दल लोकांना शंका होती. औषध गिळलंत तर रोगी वाचेल, तोंड वाकडं केलंत तर गेली. डॉक्टर यशस्वी झाला तर पदवी तुम्ही द्या. नाही तर त्याला फी नाही. वैद्यांचं कॉलेज तुम्हीच आहात: खरा वैद्य म्हणा, नाही तर वैदू ठरवा. फीची गोष्ट थट्टेची नाही, तिसऱ्या रात्रीचा गल्ला आठवा.

प्रत्येक प्रोलॉगवर हीच तीन प्रश्नांची पट्टी लावा. सोंग कोणतं? मध्ये खेळ कुठे आहे? शेवटी मागणं काय? मधला खेळ सापडला नाही तर बहुधा तो प्रोलॉग सुमारच असतो.

७. बोलून दाखवायचा असेल तर

प्रेक्षागृहातले दिवे चालू ठेवा. स्पर्धेत हे जमवणं कठीण, पण आयोजकांना आधी विचारून ठेवता येतं. पडदा बंद, नट एकटा पडद्यासमोर. ओळी साधारण चाळीस ते पन्नास, म्हणजे हशा धरून तीन मिनिटं. त्याहून लांबला तर कापा, आणि कापताना मधला खेळ राखून बाकीचं कापा.

नट असा निवडा की ज्याला समोरचे लोक आधीपासून ओळखतात. अनोळखी चेहऱ्यानं ‘माझी रोजीरोटी बुडाली’ म्हटलं तर कुणी हसणार नाही. मेलेले संदर्भ समजावून सांगायच्या भानगडीत पडू नका. ‘शी स्टूप्स’च्या प्रोलॉगमधला ‘नेड’ म्हणजे वुडवर्डचा सहनट एडवर्ड शूटर, हे कार्यक्रमपत्रिकेत छापूनही हशा मिळत नाही. तिथे आपल्या गटातल्या नटाचं नाव घाला, गॅरिकनंही तेच केलं असतं.

बायकांनी फक्त एपिलॉग बोलावा असं समजू नका. एपिलॉगवर त्यांचं राज्य होतं हे खरं. ‘शी स्टूप्स’चा एपिलॉग कुणी म्हणायचा यावरून मिसेस बल्कली आणि मिस कॅटली या नट्यांमध्ये असं काही जुंपलं, की गोल्डस्मिथला एकामागून एक मसुदे करावे लागले.

८. मराठीत नवा लिहायचा असेल तर

मागणं आधी लिहा, शेवटचं कडवं म्हणून. आपल्याला या प्रेक्षकांकडून नेमकं काय हवंय? फोन बंद ठेवणं? परीक्षकांनी डुलकी न काढणं? दुसऱ्या अंकापर्यंत थांबणं? मागणं खरं असू द्या, खोटा विनय लगेच उघडा पडतो.

मग त्या मागण्याला साजेसं सोंग. वैद्य, वकील, दुकानदार हे जुने झाले तरी चालतात, पण तुमच्या सभागृहाला रोज भेटणारा माणूस घेतलात तर अर्धं काम झालं: सोसायटीचा सेक्रेटरी, बँकेतून कर्ज घ्या म्हणून फोन करणारी मुलगी, कंडक्टर. सोंगाला एक वस्तू द्या. रुमाल, कागद, चहाचा कप यांनी अठराव्या शतकात काय केलं ते वर पाहिलंच.

वृत्त म्हणाल तर वर मी सोळा-बारा मात्रांची चाल वापरली, ती नटाच्या तोंडात सहज बसते. साकी, दिंडी यांना संगीत नाटकाचा वास येतो. तो हवा असेल तरच घ्या. मुक्तछंद इथे नको, यमकाची वाट बघायला लावणं हाच तर सापळा आहे. नांदीची नक्कलही टाळा. नांदी देवाला हात जोडते, हा इसम तिकीट काढलेल्याला.

टोमणा मारायचा तर सभागृहात बसलेल्यांना मारा, आणि पहिला स्वतःला. गैरहजर माणसाची टवाळी स्वस्त पडते. मागच्या रांगेपासून पुढच्या सोफ्यापर्यंत प्रत्येक गटाला निदान एक ओळ मिळाली पाहिजे, आणि सोफ्याची ओळ सगळ्यात तिखट. संहिता परीक्षण मंडळाकडे जाणार असेल तर प्रोलॉगही तिच्यात धरून पाठवा, ऐन वेळी घुसडू नका.

तालमीत तो नाटकाच्या मंडळींसमोर म्हणून बघू नका, ते कशालाही हसतात. नाटकाशी संबंध नसलेल्या चार जणांना ऐकवा. ते जिथे हसले नाहीत तिथली दुसरी ओळ बदला, पहिली नको.

आणि तो कायमचा धरून ठेवू नका. ‘द रायव्हल्स’ 17 जानेवारी 1775 ला पहिल्याच रात्री आपटलं, शेरिडननं ते काढून घेतलं, कापलं, दुरुस्त केलं आणि 28 तारखेला पुन्हा आणलं. या वेळी ते चाललं. दहाव्या रात्री वकील-अ‍ॅटर्नीचा प्रोलॉग काढून मिसेस बल्कलीच्या तोंडी नवा दिला, आणि त्याची सुरुवातच अशी केली की खटला आपण जिंकला आहे, आता त्या वकीलसाहेबांनी यायची गरज नाही.